हाताने चालते, सर्व्हरकडून का चालत नाही?

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाराला कुणी कुणाला घराबाहेर बोलावत नाही. तरीही सीताबर्डीजवळच्या एका कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमचा फोन आला, तेव्हा अडचण खरोखरची असणार हे कळले. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्रंथालयाच्या सर्व्हरवर ‘नवी पुस्तके’ नावाचे एक पान होते. एका माजी विद्यार्थ्याने पर्ल भाषेत लिहिलेली छोटी स्क्रिप्ट पुस्तकांच्या नोंदी वाचून ते पान तयार करीत असे. इतकी वर्षे निमूट चाललेले ते पान त्या दिवशी सकाळपासून बंद पडले होते आणि त्याच्या जागी एवढेच दिसत होते: ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’.

“सर, आमच्या मुलाने टर्मिनलवर हाताने चालवून पाहिली. तिथे चालते जी. मग ब्राउझरमध्ये काहून चालत नाही?”

सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. स्क्रिप्टमध्ये एका अक्षराचाही फरक नसतो, फरक असतो तो चालवणाऱ्यात. टर्मिनलवर ती तुम्ही चालवता: तुमच्या नावाने, तुमच्या अधिकाराने, तुमच्या भाषेच्या मांडणीत. ब्राउझरमधून मागितली की तीच स्क्रिप्ट सर्व्हर चालवतो, आणि सर्व्हर हा त्या यंत्रावरचा अगदी वेगळा रहिवासी असतो. दोष शोधायचा तर आधी त्या रहिवाशाच्या जागी जाऊन उभे राहावे लागते.

पाचशेचा आकडा मुद्दाम मोघम ठेवलेला आहे. वेबच्या भाषेत चारशेपासूनचे आकडे मागणाऱ्याकडे बोट दाखवतात: ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू नाही, ४०३ म्हणजे वस्तू आहे पण परवानगी नाही. पाचशेपासूनचे आकडे देणाऱ्याकडे बोट दाखवतात. त्यांतला ५०० एवढेच सांगतो की आत काही तरी बिघडले. काय बिघडले ते सांगत नाही, कारण ते वाचणाऱ्यांत घुसखोरही असू शकतो. फाइल कुठे ठेवली आहे, कोणती आवृत्ती आहे, डेटाबेसचे नाव काय, हे परक्याला का सांगावे? खरी हकीकत सर्व्हर आपल्या एरर लॉगमध्ये लिहून ठेवतो. उबंटू किंवा डेबियनवर ‘व्हर’मधल्या ‘लॉग’ फोल्डरमध्ये ‘अपाचे२’ नावाने, रेडहॅटच्या घराण्यात ‘एचटीटीपीडी’ नावाने. ‘टेल’ आज्ञा ‘एफ’ या खुणेसह देऊन तो लॉग एका खिडकीत उघडा ठेवावा, दुसऱ्या खिडकीत पान पुन्हा मागावे आणि त्या क्षणी कोणती ओळ उमटते ते पाहावे. कितीतरी हुशार मुले लॉग न उघडता तास-दोन तास सेटिंग उलटीपालटी करत बसलेली मी पाहिली आहेत. दहा ठिकाणी बदल केल्यावर मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही.

आम्ही लॉग उघडला. पहिली तक्रार पहाटे साडेचारची होती. मॅडम चपापल्या. त्या वेळी ग्रंथालयाला कुलूप असते. मग आत कोण शिरले? कुणीच नाही. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले होते आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. लॉगमधले साडेचार म्हणजे आपले सकाळचे दहा. दहाला काय झाले, असे विचारल्यावर त्या सहायक मुलाला आठवले. उन्हाळ्याच्या सुटीत ग्रंथालय सकाळीच उघडे राहणार होते, ती मराठी सूचना पानाच्या माथ्यावर दिसावी म्हणून त्याने स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली होती. फक्त एक ओळ.

ती ओळ कशी नडली हे कळायला आधी ही व्यवस्था समजून घेतली पाहिजे. सुरुवातीच्या काळात वेब सर्व्हर फक्त तयार फाइल उचलून देत असे. मागणी आली की कार्यक्रम चालवून त्याचे उत्तर द्यायचे, ही सोय अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रातल्या सर्व्हरने १९९३ मध्ये रूढ केली. सर्व्हर आणि स्क्रिप्ट यांच्यातला तो करार म्हणजे कॉमन गेटवे इंटरफेस, सीजीआय. त्याच सर्व्हरच्या पायावर १९९५ मध्ये अपाचे उभा राहिला. पीएचपी ही भाषासुद्धा रास्मुस लेर्डोर्फ यांनी आधी अशाच सीजीआय कार्यक्रमांचा संच म्हणून केली होती. करार इतका साधा आहे की तीस वर्षांनंतरही तो पाठ म्हणता येतो. मागणीचा तपशील सर्व्हर परिस्थिती-चलांमध्ये, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये भरतो. फॉर्मचा मजकूर स्क्रिप्टच्या तोंडाशी ठेवतो. स्क्रिप्टने आधी हेडरमध्ये उत्तराचा प्रकार सांगायचा, मग एक कोरी ओळ सोडायची आणि मग उत्तर द्यायचे. ती कोरी ओळ विसरली, किंवा तिच्या आधी एखादा चुकार शब्द छापला गेला, की सर्व्हर संपूर्ण उत्तर नाकारतो. लॉगमध्ये ‘एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स’ दिसले, तर स्क्रिप्ट हेडर पुरे करण्याआधीच संपली, बहुधा वाटेतच कोसळली, असे समजावे.

हा करार जुनाट झाला, असे कुणाला वाटेल. पण आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांच्या ग्रंथालयांत ‘कोहा’ हे मुक्त सॉफ्टवेअर चालते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी ते १९९९ मध्ये लिहिले गेले आणि २००० च्या जानेवारीत वापरात आले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ते पर्लमध्येच लिहिलेले आहे, आणि त्याच्या पानांच्या पत्त्यांत ‘सीजीआय-बिन’ हे शब्द अजून दिसतात. नागपुरात बसून पुस्तक शोधणाऱ्या विद्यार्थ्याचा या जुन्या कराराशी असा रोजचा संबंध येतो.

आता चालवणाऱ्याकडे वळू. उबंटूवर अपाचे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या नावाने वावरतो. त्याला मुद्दाम फार थोडे अधिकार दिलेले असतात. स्क्रिप्टची फाइल त्याला वाचता आली पाहिजे आणि तिच्यावर ‘चालवण्याची’ खूण हवी. ७५५ हा आकडा त्यासाठीच. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. निसटते ते वाटेतल्या फोल्डरांचे. महाल भागातल्या जुन्या वाड्यात माजघरापर्यंत पोचायचे तर दिंडी दरवाजापासून प्रत्येक दार उघडे हवे. आतली खोली सताड उघडी असून मधल्या चौकाचे दार लावलेले असेल तर पाहुणा बाहेरच राहतो. लिनक्समध्ये फोल्डरवरची ‘चालवण्याची’ परवानगी म्हणजे त्या दारातून पुढे जाण्याची परवानगी. उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचे घर-फोल्डर इतरांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे जुन्या यंत्रावर घर-फोल्डरातून सुरळीत चालणारी स्क्रिप्ट नव्या यंत्रावर तशीच उचलून ठेवली की ४०३ दाखवते. ‘नेमेआय’ ही आज्ञा ‘एल’ या खुणेसह दिली की मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक दाराची परवानगी एकाखाली एक दिसते.

अशा वेळी कुणी तरी ‘सगळ्याला ७७७ देऊन टाक’ असा सल्ला हमखास देतो. तो ऐकू नये. ७७७ म्हणजे यंत्रावरच्या कोणालाही ती फाइल बदलता येईल, आणि सर्व्हर तीच बदललेली फाइल चालवेल. स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या नावाने चालवणारी ‘सूएक्झेक’ची व्यवस्था असेल तर अशी कोणालाही लिहिता येणारी स्क्रिप्ट चालवायला ती स्वतःच नकार देते. म्हणजे सुरक्षितता गेली आणि पानही उघडले नाही.

रेडहॅटच्या घराण्यात एसईलिनक्स नावाचा आणखी एक पहारेकरी असतो. अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने तो २००० च्या अखेरीस लोकांसाठी खुला केला. प्रत्येक फाइलवर त्याची चिठ्ठी असते. घर-फोल्डरात लिहिलेली स्क्रिप्ट ‘मूव्ह’ केली तर जुनी चिठ्ठी घेऊन येते. ‘कॉपी’ केली तर नव्या जागेची चिठ्ठी मिळते. परवानग्या चोख, मालक बरोबर, तरीही नकार, असे दिसले तर ऑडिट लॉग पाहावा आणि ‘रिस्टोअरकॉन’ने चिठ्ठी दुरुस्त करावी. पहारेकऱ्यालाच कायमचे झोपवून ठेवणे हा उपाय नव्हे.

मॅडमच्या सर्व्हरवर यांतले काहीच नव्हते. परवानग्या ठीक होत्या. लॉगमध्ये ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ असे लिहिले होते, आणि त्या तीन शब्दांनी शोध एकदम पहिल्या ओळीवर आणून ठेवला.

स्क्रिप्टची पहिली ओळ #! या दोन चिन्हांनी सुरू होते आणि त्यांच्यापुढे दुभाष्याचा, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या कार्यक्रमाचा, पत्ता असतो, इथे ‘/यूएसआर/बिन/पर्ल’. ही सोय युनिक्समध्ये डेनिस रिची यांनी १९८० च्या सुमारास आणली. फाइल चालवायला सांगितली की कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, तिचे पहिले दोन बाइट पाहतो. ते # आणि ! असतील तरच पुढचा पत्ता वाचतो आणि त्या दुभाष्याला बोलावतो. पहिले दोनच बाइट. त्यांच्या आधी काहीही आले तर त्याच्या लेखी ती स्क्रिप्ट नाही.

आणि इथे त्यांच्या आधी तीन बाइट आले होते. सहायकाने फाइल जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली आणि मराठी सूचना घातली. जतन करताना नोटपॅडने सांगितले की साध्या मांडणीत ही अक्षरे टिकणार नाहीत. त्याने यूटीएफ-८ निवडले, जे बरोबरच होते. पण २०१९ पर्यंतचे नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाची तीन बाइटांची खूणगाठ बांधत असे. ती डोळ्यांना दिसत नाही. फाइल उघडली की पहिली ओळ जशीच्या तशी दिसते. निव्वळ इंग्रजी मजकूर असता तर हा प्रसंग आलाच नसता. मराठी लिहिणाऱ्यालाच ही खूणगाठ गाठते, म्हणून ती आपल्या लोकांनी नीट ओळखून ठेवायला हवी.

मग टर्मिनलवर स्क्रिप्ट कशी चालली? मुलाने आज्ञा दिली होती ‘पर्ल’ आणि पुढे फाइलचे नाव. म्हणजे दुभाष्याला त्याने स्वतःच बोलावले होते. कर्नलला पहिली ओळ पाहायची गरजच पडली नाही आणि पर्लने बीओएम ओलांडून पुढचे वाचले. सर्व्हर मात्र फाइललाच चालवू पाहतो. म्हणून तपासणी करायची ती सर्व्हरच्या रीतीने: ‘सुडो’ने त्याचे नाव धारण करून आणि फाइललाच थेट हाक मारून. तसे केले असते तर टर्मिनलवरही ती अडखळली असती आणि फोन करायची वेळ आली नसती.

याच पहिल्या ओळीचे दुसरे दुखणे याहून जुने आहे. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामे असत: गाडी सरकवून कागद पुन्हा आरंभाशी आणायचा आणि रूळ फिरवून तो एक ओळ वर घ्यायचा. दूरमुद्रकाने त्यांना दोन स्वतंत्र खुणा दिल्या, तेरा आणि दहा. विंडोज ओळ संपवताना अजून दोन्ही लिहिते. युनिक्स फक्त दहा लिहिते. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर गेली की दुभाष्याच्या पत्त्याच्या शेवटी तो अदृश्य तेरा चिकटून राहतो. कर्नल ‘पर्ल’ऐवजी ‘पर्ल-आणि-तेरा’ नावाचा दुभाषा शोधतो, तो अर्थातच सापडत नाही, आणि लॉगमध्ये येते ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल डोळ्यांसमोर असते आणि यंत्र नाही म्हणते. माणूस चक्रावतो, कारण यंत्र कोणत्या फाइलबद्दल बोलते आहे हेच त्याला कळलेले नसते. ‘डॉस-टू-युनिक्स’ ही छोटी आज्ञा तो तेरा पुसून टाकते. तिच्या आजच्या आवृत्त्या बीओएमसुद्धा काढतात. आम्ही तीच वापरली. पान उघडले.

पण मराठी सूचनेच्या जागी रोमन ‘ए’ आणि त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, त्यामागे कधी चलनाचे चिन्ह, कधी जपानी येनचे, असा गिचमिडा ओळभर पसरला होता. हे चित्र ओळखीचे करून घ्यावे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यातला पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. पाश्चात्त्य लॅटिन मांडणीत २२४ म्हणजे तो रेघेचा ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचे चिन्ह आणि १६५ म्हणजे येन. बाइट सुखरूप पोचले आहेत, ब्राउझर ते चुकीच्या कोष्टकाने वाचतो आहे. पर्लचे जुने सीजीआय मॉड्यूल दुसरे काही सांगितले नाही तर लॅटिनचेच कोष्टक जाहीर करते. उत्तराच्या प्रकारात यूटीएफ-८ लिहिले की मराठी उमटते.

भाषेची आणखी एक खोच पायथनवाल्यांना भेटते. तुमच्या टर्मिनलला भाषेची मांडणी ठाऊक असते. अपाचे ती स्क्रिप्टला आपणहून देत नाही. पायथन ३.६ पर्यंत अशा वेळी फक्त इंग्रजी मुळाक्षरे गृहीत धरली जात आणि पहिला मराठी शब्द छापताना स्क्रिप्ट कोसळत असे. तीच स्क्रिप्ट टर्मिनलवर मात्र छान मराठी बोले. ३.७ पासून हा त्रास बराच मिटला.

आवृत्ती बदलली म्हणून मेलेल्या स्क्रिप्टही पुष्कळ. सीजीआय मॉड्यूल २०१५ मध्ये पर्लच्या मूळ गाभ्यातून काढले गेले. २०१७ च्या ५.२६ आवृत्तीपासून पर्ल स्क्रिप्टशेजारच्या फोल्डरातली मॉड्यूले आपणहून शोधेनासा झाला. पायथनचे सीजीआय मॉड्यूल २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत गेले. अपाचे २.२ वरून २.४ वर गेले की परवानगीची जुनी ‘ऑर्डर, अलाउ’ची भाषा जाऊन ‘रिक्वायर’ची येते, आणि ‘एचटी-अ‍ॅक्सेस’ फाइल तर सांगितल्याशिवाय वाचलीच जात नाही. सीजीआयचे मॉड्यूलच चालू केलेले नसेल तर त्याहून वाईट घडते: स्क्रिप्ट चालण्याऐवजी तिचा मजकूर ब्राउझरमध्ये उघडा पडतो, आत पासवर्ड असेल तर पासवर्डसकट. पीएचपीचा दुवा तुटला तरी हेच होते. असे दिसले की दुरुस्तीआधी सर्व्हर थांबवावा आणि नंतर पासवर्ड बदलावा. कोणताही बदल केल्यावर ‘कॉन्फिगटेस्ट’ चालवून ‘सिंटॅक्स ओके’ हे उत्तर मिळाल्याशिवाय सर्व्हर पुन्हा सुरू करू नये. एका विसरलेल्या कंसापायी त्या यंत्रावरची सगळी संकेतस्थळे खाली बसतात.

पाचशेच्या शेजारचा ५०२ वेगळा. तिथे एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर पुढच्या दारात बसतो आणि काम मागे पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमकडे देतो. त्या दोघांतल्या वाटेच्या नावातच आवृत्ती असते. उबंटू २२.०४ मध्ये पीएचपी ८.१ होते, २४.०४ मध्ये ८.३. यंत्र वर चढवले आणि एन्जिनएक्सला जुनीच वाट ठाऊक राहिली, तर तो रिकाम्या खोलीचे दार ठोठावत राहतो. ५०४ म्हणजे मागे कुणी तरी आहे, पण ठरल्या वेळात उत्तर आले नाही. ती मर्यादा मुळात ६० सेकंदांची असते.

गर्दीचे दुखणे निराळेच. सीजीआय प्रत्येक मागणीसाठी नवी प्रक्रिया जन्माला घालते. एका प्रक्रियेला ३० मेगाबाइट लागत असतील तर ४ गिगाबाइटच्या यंत्रात एका वेळी सव्वाशे-दीडशेपेक्षा जास्त मावणार नाहीत. ग्रंथालयाला ते भरपूर. पण दहावीच्या निकालाच्या दुपारी, नागपूर विभागीय मंडळाच्या सहा जिल्ह्यांसकट सारा महाराष्ट्र एकाच वेळी एकाच पानाकडे धावतो. अशा वेळी स्क्रिप्ट निर्दोष असूनही पान उघडत नाही. तिथे निकालाची पाने आधीच तयार करून ठेवणे आणि मागणीगणिक प्रक्रिया न जन्मवणे हाच उपाय.

मॅडमच्या पानावर मराठी सूचना आता स्वच्छ दिसत होती. त्या खूश होत्या. माझी नजर मात्र तळाशी गेली. शेवटच्या पुस्तकाचे नाव अर्ध्यावर तुटले होते. हा दोष माझ्या हातचा. स्क्रिप्टने मराठी नीट ओळखावी म्हणून मी आत आणि बाहेर दोन्हीकडे यूटीएफ-८ जाहीर केले होते. त्या क्षणापासून पर्ल बाइटांऐवजी चिन्हे मोजू लागला. स्क्रिप्ट आपल्या उत्तराची लांबी मोजून आधीच कळवत असे, आणि ब्राउझर त्या लांबीचे बाइट घेऊन थांबतो. ‘नागपूर’ या शब्दात न, काना, ग, प, दीर्घ उकार आणि र अशी सहा चिन्हे आहेत, पण बाइट अठरा. सहाच बाइट घ्यायला सांगितले तर पलीकडे फक्त ‘ना’ पोचतो. सूचनेत चाळीस चिन्हे असतील तर हिशेबात ऐंशी बाइट कमी पडतात, आणि ते कापले जातात पानाच्या शेपटाकडून. इंग्रजीत चिन्ह आणि बाइट सारखेच असल्याने मूळ लेखकाला हे कधी जाणवायचे कारण नव्हते.

लांबी कळवणारी ओळ काढून टाकली. सीजीआयमध्ये ती देणे स्क्रिप्टवर बंधनकारक नाही, सर्व्हर आपले पाहून घेतो. मुलाला मी तीन गोष्टी करून दाखवल्या आणि त्याने त्या वहीत उतरवून घेतल्या: लॉग कसा उघडायचा, सर्व्हरचे नाव धारण करून फाइलला हाक कशी मारायची, आणि बीओएमशिवाय जतन कसे करायचे. मग त्यानेच पान पुन्हा मागितले. शेवटच्या पुस्तकाचे नाव पूर्ण उमटले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते, लॉगमध्ये सव्वानऊ.